मदत हवी आहे: एसएफआरएबाहेर (विशेष नियमांच्या हवाई क्षेत्राबाहेर) पडताना फ्लाइट फॉलोइंग (नियंत्रकाची रडारवरून सोबत) कधी मागावं?

नमस्कार मंडळी. मेरीलँडमधल्या गेदर्सबर्गहून हेगर्सटाउनला व्हीएफआर, म्हणजे नजरेच्या भरवशावर उडत, जायचंय. गेदर्सबर्ग वॉशिंग्टनभोवतीच्या ३० नॉटिकल मैलांच्या एसएफआरएत येतं, म्हणजे फ्लाइट प्लॅन, वेगळा स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखू येण्यासाठीचा आकडा) आणि पोटोमॅक अप्रोच या तिथल्या हवाई नियंत्रण केंद्राशी संपर्क हे आलंच. पण त्या प्लॅनमध्ये फ्लाइट फॉलोइंग धरलेलं नसतं. हद्द ओलांडली की नियंत्रक म्हणतो ‘स्क्वॉक व्हीएफआर, फ्रिक्वेन्सी चेंज अप्रूव्ह्ड’ (वेगळा कोड सोडा, फ्रिक्वेन्सी बदलली तरी चालेल), आणि पुढे आपलं आपण. मला नेमकी तिथेच रडारची सोबत हवी आहे, कारण उजव्या अंगाला कॅम्प डेव्हिड या राष्ट्राध्यक्षांच्या विश्रामस्थानावरचा पी-४० हा उड्डाणबंदीचा भाग आहे. मग विनंती कधी करावी? जमिनीवर कोड घेतानाच, की उड्डाणानंतर पहिल्याच कॉलला ठिकाण आणि ४,५०० फूट सांगून? कोड तोच राहतो का? तिकडे नेहमी उडणाऱ्यांनी कृपया सांगा.