सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलाला पळू द्यावं की बसवून ठेवावं?

अकोलेकर_आई
मुलगा ११ वर्षांचा. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार: फुफ्फुसांत चिकट कफ साठतो, पचन बिघडतं आणि घामातून मीठ जास्त जातं. तान्हा असताना सासूबाई म्हणायच्या, "पापा घेतला की खारट लागतो गं हा." कुणी मनावर घेतलं नाही. पुढे घामाची तपासणी झाली. घामातलं क्लोराइड (मिठाचा एक घटक) ६० च्या वर गेलं की हा आजार धरतात, त्याचं ९४ आलं. तेव्हापासून रोज नेब्युलायझर, छाती मोकळी करण्याची फिजिओ आणि प्रत्येक जेवणाबरोबर पचनासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल.

आता शाळेला माझ्याकडून लेखी हवंय की तो पीटीला बसणार नाही. सध्या तो मैदानाच्या पायरीवर बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखतो. मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. मागच्या महिन्यात त्याची सहा मिनिटं चालण्याची चाचणी झाली. ३० मीटरच्या बोळात दोन टोकांना खुणा ठेवून येरझाऱ्या घालायला लावतात. तो ५१० मीटर चालला, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९७ टक्क्यांचं ९५ झालं, एवढंच. त्याला दम लागतो तो फक्त फुफ्फुसांमुळे नाही. बसवून बसवून मांड्या काडीसारख्या झाल्यात. दम लागतो म्हणून बसवायचं आणि बसवल्यामुळे आणखी दम लागतो, असं किती दिवस चालवायचं?

नागपूरचा_बाबा
ताई, तुमची कळकळ पटते, पण मी असहमत. माझी मुलगी १४ वर्षांची. गेल्या एप्रिलमध्ये खो-खोच्या सरावाला गेली. दोन तासांत उलट्या, पोटऱ्यांत गोळे, डोळे फिरलेले. रक्तातलं सोडियम १२४ पर्यंत घसरलेलं! दोन दिवस सलाईनवर होती. आपल्या मुलांचं मीठ घामावाटे वाहून जातं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कला उष्णतेची लाट आली, तेव्हा उन्हाने कोसळून दवाखान्यात आलेल्या मुलांमध्ये याच आजाराची मुलं डोळ्यांत भरण्याइतकी निघाली. घामातल्या मिठाचा शोध त्यातूनच पुढे १९५३ मध्ये लागला. पीटीच्या सरांना हे कोण समजावणार? ते शिट्टी वाजवतात आणि मुलं पळतात. मला पोरगी जिवंत हवी आहे.

अकोलेकर_आई
दादा, वाचून पोटात गोळा आला. पण हा दोष उन्हाचा आणि कमी पडलेल्या मिठाचा, पळण्याचा नाही. माझा मुलगा संध्याकाळी सायकल चालवतो, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मीठ पाण्यातून घेतो. अकोल्याचा उन्हाळाही काही कमी नाही.

छातीची_फिजिओ
दोघांनाही थोडं टोचेल असं लिहिते. "तो खेळतो ना, मग फिजिओ कशाला" असं म्हणणारे पालक मला दर महिन्याला भेटतात. कफ तसाच राहतो आणि दोन महिन्यांत मूल अॅडमिट होतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅक्टिव्हेट-सीएफ चाचणीत ११७ जण होते. एका गटाला आठवड्याला ३ तास जादा जोरकस व्यायाम दिला. सहा महिन्यांनी फुंकर-चाचणीतला एफईव्ही-१ चा (पहिल्या सेकंदात जोरात बाहेर फुंकलेल्या हवेचा) आकडा व्यायाम न वाढवलेल्या गटाचाच सरस निघाला. त्यामुळे व्यायामाने फुफ्फुसं सुधारतील असं वचन मी कुणाला देत नाही.

लीड्सवासी_सातारकर
मी २९ वर्षांचा, हाच आजार. ताई, त्याच चाचणीतली दुसरी बाजूही सांगा ना: व्यायाम करणाऱ्यांची दमसास टिकवण्याची ताकद वाढली. आणि ती ताकद महत्त्वाची आहेच. १९९२ मध्ये पिट्सबर्गच्या १०९ रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांचं शरीर जोरात सायकल मारताना सर्वाधिक ऑक्सिजन वापरू शकत होतं, त्यांच्यातले ८३ टक्के आठ वर्षांनी जिवंत होते. सर्वांत कमकुवत गटात २८ टक्के.

नागपूरचा_बाबा
मुळात जे कमी आजारी तेच जास्त पळणार. त्यात नवल ते काय?

लीड्सवासी_सातारकर
काका, ही शंका रास्त आहे. म्हणूनच त्यांनी फुफ्फुसांची स्थिती, वय, वजन यांचा हिशेब धरून पुन्हा पाहिलं. तरीही तंदुरुस्त लोकांची जगण्याची शक्यता तिपटीहून जास्त निघाली. मला इथे इंग्लंडमध्ये २०२० पासून काफ्ट्रिओ हे या आजाराच्या मुळावर काम करणारं औषध मिळतं. त्या औषधाची अमेरिकेतली छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर आहे, साताऱ्यात राहिलो असतो तर नावही काढलं नसतं. पण औषध सुरू झालं तेव्हा जिना चढायला पाय तयारच नव्हते. लहानपणी आजीने मला अंगणाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. तिच्या मायेबद्दल तक्रार नाही, गेलेल्या वर्षांचं मात्र फार वाईट वाटतं.

छातीची_फिजिओ
मान्य, ते राहून गेलं. नागपूरच्या दादा, मुलीची चालण्याची चाचणी कधी झाली आहे का? चालताना तिचं सॅच्युरेशन किती उतरतं ते कळल्याशिवाय मी तिला पळवणार नाही, पण बसवूनही ठेवणार नाही.

नागपूरचा_बाबा
नाही झालेली. फक्त फुंकर-चाचणी झाली आहे. चालण्याची करून घेतो. पण मार्च ते जून मैदान बंद, यावर मी ठाम आहे. घरात जिना आहे, पंख्याखाली.

अकोलेकर_आई
दादा, जिन्यावर ती किती मजले चढते ते इथे नक्की कळवा. माझा शाळेचा फॉर्म कोराच परत जातोय, सोबत मिठाच्या पाण्याची बाटली आणि पीटीच्या सरांसाठी एक पानभर चिठ्ठी.