ज्येष्ठांचा आपत्कालीन कक्ष: चैन की गरज?

खानापूरकर: “तरुणांना खाट मिळत नाही तिथे म्हाताऱ्यांच्या वेगळ्या आपत्कालीन कक्षाची अमेरिकन चैन कशाला?” हे आपल्या बेळगावकडच्या दवाखान्यांबद्दलचे कुणाचे तरी कालचे लिखाण वाचून गप्प बसवेना. ऐंशीच्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत कळ येतेच असे नाही. नुसता थकवा, धाप किंवा असंबद्ध बोलणे एवढेच दिसते, आणि न्यूमोनियातही कधीकधी ताप चढत नाही, त्यामुळे तरुणांच्या लक्षणांवरून रांग लावली की हा रुग्ण मागे पडतो. अमेरिकेतील चार वैद्यकीय व परिचारिका संघटनांनी २०१४ मध्ये अशा कक्षांची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तर २०१८ पासून तेथे तीन स्तरांवर मान्यता दिली जाते. सर्वांत खालच्या स्तराला प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका, वॉकर-काठी आणि कोणत्याही वेळी मिळणारे खाणेपिणे यांपलीकडे फारसे लागत नाही. याला चैन म्हणायचे?

निपाणीचा मास्तर: साहेब, वॉकर कोणीही देईल, पण रात्री दोनला प्रशिक्षित डॉक्टर कुठून आणणार? महामार्गावर अपघात झालेला माझा भाचा एका दवाखान्यात फरशीवर पडून होता. त्याचे वय कमी, हा त्याचा गुन्हा होता काय?

शहापूरची सून: भाच्याचे वाईट वाटते, मास्तर, परंतु न्हाणीघरात पडलेल्या माझ्या सासूबाईंना विचारलेले कन्नड प्रश्न कळले नाहीत, म्हणून “भ्रमिष्ट” अशी नोंद झाली, चष्मा काढून ठेवला गेला, मला बाहेर काढले आणि पहाटेपर्यंत त्या खरोखरच वातात बडबडू लागल्या. ओळखीचा माणूस जवळ असणे हाही भ्रमावरचा उपचारच असतो.

टिळकवाडीकर: आला सीमाप्रश्न! रायचूरहून बदलून आलेल्या परिचारिकेने मराठी शिकावे, पण पन्नास वर्षे इथे राहून सासूबाईंनी कन्नड शिकू नये, हा कुठला न्याय?

शहापूरची सून: मोडलेल्या खुब्याने व्याकरण शिकायचे होते का? तुमच्या आईवर ही वेळ आली असती तर हाच न्याय सांगितला असता काय?

टिळकवाडीकर: माझ्या आईला मध्ये आणू नका. ती बाजारात कन्नड बोलते.

खानापूरकर: दुखण्यात माणूस बाजारातली नव्हे, घरातली भाषा बोलतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले, कर्नाटकाने हरकत घेतली, आणि दोन्हीकडचे पुढारी आपापल्या व्यासपीठांवर गाजले. आमच्या वृद्धांच्या हाती कागदपत्रांची पिशवी तेवढी राहिली.

निपाणीचा मास्तर: योजनेने बिल फिटते, खुबा बसत नाही. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मानचे पाच लाखांचे कवच मिळाले, तरी दारातली रांग तशीच आहे. तथापि, गरज नसताना लघवीची नळी न घालणे, घरच्या गोळ्यांची यादी तपासणे, न घसरणारी फरशी आणि मोठ्या आकड्यांचे घड्याळ यांना वेगळी इमारत लागत नाही, एवढे नाइलाजाने मान्य करतो. घड्याळातले आकडे कन्नड की मराठी, यावर मात्र कृपा करून मोर्चा काढू नका.

शहापूरची सून: मोर्चा नको, उत्तर द्या: नातेवाइकाला आत बसू देणार की नाही?

टिळकवाडीकर: एकालाच. आणि त्याने मोबाइलवर मोठ्याने बोलायचे नाही.