मदत हवी आहे: प्रोटोटाइप नक्की कशाला म्हणायचं? (द्राक्षबागेची क्लिप)

नमस्कार मंडळी,

तासगावकडे आमची द्राक्षबाग आहे. काडी तारेला बांधायला सुतळी लागते आणि गाठी मारण्यात बरीच मजुरी जाते. म्हणून भावाने आणि मी एक प्लास्टिकची क्लिप काढली आहे. एका बाजूला तारेवर घट्ट बसणारा आकडा, दुसऱ्या बाजूला काडीभोवती मिटणारं कडं, मध्ये पातळ बिजागरी. काडी पुढे जाड होते, म्हणून कडं मुद्दाम सैल ठेवलंय.

मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये नमुने काढले. दाखवायला झकास! पण बिजागरी दोन-चारदा उघडमीट केली की थर सुटून तुटते, आणि उन्हात तारेवर ठेवलेल्या क्लिपा मऊ पडून वाकल्या.

आता नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या एका इनक्युबेटरचा अर्ज भरतोय. उत्पादन कुठल्या टप्प्यावर आहे, याला पर्याय तीनच: संकल्पना सिद्ध, प्रोटोटाइप तयार, विक्री सुरू. आमच्या तुटक्या क्लिपेला प्रोटोटाइप म्हणायचं का? मोल्डवाला, म्हणजे प्लास्टिकचे साचे करणारा, म्हणतो, "प्रिंट राहू द्या, ड्रॉइंग द्या, थेट डाय (कायमचा साचा) करू." डायचा खर्च ऐकून आईने सुतळीच बरी असं जाहीर केलंय.

प्रोटोटाइप खऱ्या मटेरियलचाच लागतो का? पेटंटच्या अर्जासोबत तो द्यावा लागतो का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

भोसरीत टूलरूमला, म्हणजे साचे बनतात तिथे आहे, म्हणून लिहितो. तुमच्याकडे आहे तो आकाराचा प्रोटोटाइप. तारेवर बसते का, बायकांच्या हाताला जमते का, एवढं त्यावरून कळेल. बिजागरीबद्दल पीएलए काहीच सांगणार नाही. शाम्पूच्या बाटलीचं झाकण बघा, ती बिजागरी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे पीपीची, आणि जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर जाड असते. शिवाय पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, त्यामुळे उन्हात वाकणारच.

पीपीचा फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार, मिळतो. तो बेडला (प्रिंटरच्या पाटाला) धरत नाही, सुटून वर येतो. त्यावर उपाय म्हणजे बेडवर पॅकिंगची साधी चिकटपट्टी लावायची. ती बहुतेक पीपीचीच असते, त्यामुळे माल तिला चिकटतो. क्लिप आडवी झोपवून छापा आणि प्रिंटच्या रेघा बिजागरीच्या घडीला काटकोनात जाऊ द्या. घडीला समांतर गेल्या तर पुन्हा तिथेच तुटेल.

ते जमलं की एका कॅव्हिटीचा, म्हणजे एका वेळी एकच क्लिप निघेल असा, ॲल्युमिनियमचा ट्रायल मोल्ड करा. पीपी गार होताना एक ते दोन टक्के आकसतं. मोल्डवाला ते धरतोच, पण आकड्याची पकड किती हवी हे त्याला तुम्हीच सांगायचं. ऊन सोसावं म्हणून प्लास्टिकच्या दाण्यात कार्बन ब्लॅक (काळी पूड) घाला, ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्या उगाच नाही. स्टीलचा डाय एक हंगाम बागेत काढल्यावरच. ड्रॉइंगवरून थेट डाय करणाऱ्याचं नुकसान होत नसतं, तुमचं होतं.

प्रतिसाद २

पेटंटच्या अर्जाला प्रोटोटाइप लागत नाही. वस्तू कशी चालते याचं नीट वर्णन आणि आकृत्या लागतात. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज आधी टाका, मग पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. मात्र अर्ज टाकायच्या आधी कृषी प्रदर्शनात मांडू नका, व्हिडिओही टाकू नका. एकदा जगजाहीर झालं की नवेपणावर बोट ठेवलं जातं. नुसत्या रूपाचं संरक्षण हवं असेल तर डिझाइन नोंदणी वेगळी. ती 10 वर्षं चालते, पुढे 5 वाढवून मिळतात.

प्रतिसाद ३

अर्जात 'संकल्पना सिद्ध' लिहा, बिनधास्त. बिजागरी तुटते म्हणजे मुख्य काम अजून होत नाही. 2021 ला सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडातही 20 लाखांपर्यंतचं अनुदान संकल्पना तपासायला, प्रोटोटाइप करायला आणि चाचण्यांनाच ठेवलं होतं. तयार आहे म्हणून सांगितलंत तर पुढचा प्रश्न येतो, मग पैसे कशाला हवेत?

बाकी पुण्याजवळ पाबळला विज्ञान आश्रमाची फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवून बघायची कार्यशाळा आहे, 2002 पासूनची. तिथे एकदा विचारून बघा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. 'संकल्पना सिद्ध'वर खूण केली. चिकटपट्टीची युक्ती मित्राला कळवली, पीपीचं रीळ मागवतोय. प्रोव्हिजनल अर्ज त्याआधी टाकेन.

एक राहिलं: ट्रायल मोल्ड करून घेताना मोल्डवाल्याकडून गुप्ततेचा करार लिहून घेतात का? आमच्याकडे सगळा व्यवहार तोंडी, आणि मोल्डवाला भावाच्या सासुरवाडीचा आहे.