सूर्यघड्याळाच्या रेषा कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काढाव्यात?

कोपरीकर: ठाण्यात गच्चीवर आडवं सूर्यघड्याळ बसवायचंय. 300 मिमीचा पितळी पत्रा, शंकूची (सावली पाडणारी) पट्टी 3 मिमी जाड. इंकस्केप की लिब्रेकॅड?

वाशीकर: रेषांना लिब्रेकॅडच, कोन थेट आकड्यात टाकता येतो. सूत्र: रेषेच्या कोनाचा टॅन = अक्षांशाचा साइन × तासकोनाचा (मध्यान्हापासून दर तासाला 15°) टॅन. ठाण्याचा अक्षांश 19.2°, म्हणून मध्यान्हापासून 1 तासाची रेषा 5°, 2 तासांची 10.8°, 3 तासांची 18.2°. दुपारी रेषा फार दाटतात, तिथे 5 मिनिटांच्या खुणा कोरू नका. 6 ते 12 च्या रेषा शंकूच्या पश्चिम कडेपासून, 12 ते 6 च्या पूर्व कडेपासून काढा. मध्ये 3 मिमी फट सोडायलाच हवी, ती हमखास विसरली जाते.

ऐरोलीकर: आकडे आणि नक्षी मात्र इंकस्केपमध्येच सुरेख होतात. फाइल देण्याआधी अक्षरांचे पाथ (म्हणजे नुसत्या बाह्यरेषा) करा, नाहीतर कोरणाऱ्याकडे फाँट बदलतो. सोबत 100 मिमीची रेषा ठेवा, ती 93.75 किंवा 106.67 भरली तर 90 आणि 96 डीपीआयचा (एका इंचात किती बिंदू धरायचे त्याचा) घोळ आहे. उघड्या पितळेला फायबर लेझर लागतो.

कोपरीकर: आणि प्रमाणवेळ?

वाशीकर: 82.5° रेखांशापासून आपण साधारण 9.5° पश्चिमेला, अंशाला 4 मिनिटं, म्हणजे सूर्यघड्याळाच्या वेळेत 38 मिनिटं मिळवा. शिवाय सूर्याची वेळ वर्षभर मागेपुढे होते, तो सुमारे −16 ते +14 मिनिटांचा फरक वेगळ्या तक्त्यात कोरा.