मदत हवी आहे: वजनगट बाजूला ठेवले तर सर्वकालीन महान बॉक्सर कोण आणि ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

बॉक्सिंगमधल्या जाणकारांची मदत हवी आहे. पैज मिसळीची आहे आणि रविवारपर्यंत निकाल लावायचा आहे.

झालं असं की मित्राने चहाच्या टपरीवर जाहीर केलं, ‘सगळ्यात महान बॉक्सर मोहम्मद अली, विषय संपला.’ मी म्हटलं, अली व्यावसायिक म्हणून कायम हेवीवेटच. सगळ्या वजनांचा प्रश्न असेल तर हिशेब वेगळा. ‘मग तू सांग,’ म्हणाला. तिथे मी अडकलो. दोन आठवडे रात्री जागून जुन्या लढती बघतोय आणि गोंधळ वाढतच चाललाय.

आधी सोपा मार्ग धरला. किती वजनगटांत किताब जिंकले ते मोजायचे. त्यात मॅनी पॅकियाव आठ गटांसह सगळ्यांच्या पुढे. १९९८ मध्ये ११२ पौंडांच्या फ्लायवेटमध्ये (साधारण ५१ किलो) जगज्जेता झालेला हा फिलिपिनो २०१० मध्ये १५४ पौंडांच्या गटाचा पट्टा घेऊन जातो. हे वाचून मी मिसळ ठरवलीच होती, तेवढ्यात हेन्री आर्मस्ट्राँग सापडला. याचे गट तीनच, पण तिन्ही किताब एकाच वेळी कमरेला! फेदरवेट (१२६ पौंड) ऑक्टोबर १९३७, वेल्टरवेट (१४७) मे १९३८, लाइटवेट (१३५) ऑगस्ट १९३८. तेव्हा मुळात प्रमुख वजनगटच आठ. आज सतरा गट, चार मोठ्या संघटना आणि प्रत्येकीचा पट्टा निराळा. मग तेव्हाचे तीन आणि आताचे आठ एका तराजूत कसे घालायचे?

आणि तिसरा, शुगर रे रॉबिन्सन. जी यादी उघडावी तिच्यात हा पहिला किंवा दुसरा. ‘पौंड फॉर पौंड’ (म्हणजे वजन बाजूला ठेवून कोण सरस) हा शब्दप्रयोग त्याच्यामुळेच रुळला म्हणतात. पण किताब दोनच गटांत, वेल्टर आणि मिडल (१६० पौंड). मी पाहिलेल्या लढतींत तर तो हरतानाही दिसतो. १९५१ मध्ये लंडनला ब्रिटनच्या रँडॉल्फ टर्पिनकडून गुणांवर हरला, १९५२ मध्ये जोई मॅक्सिमविरुद्ध चौदाव्या फेरीसाठी स्टुलावरून उठताच आलं नाही. कारकिर्दीत एकूण १९ पराभव. फ्लॉइड मेवेदर ५०-० (५० विजय, पराभव शून्य) असताना १९ वेळा हरलेला माणूस पहिला कसा, हे मित्राला काय सांगू? मलाच पटत नाहीये.

कृपया प्रकाश टाका. ‘गूगल कर’ म्हणू नका, ते करूनच इथवर आलोय.

प्रतिसाद १

तुमची गल्ली चुकली आहे ती रॉबिन्सनच्या बाबतीत. तुम्ही पाहताय तो तिशी ओलांडलेला रॉबिन्सन. त्याचा खरा बहर चाळीसच्या दशकात, वेल्टरवेटमध्ये, आणि त्या लढतींचं चित्रीकरण फारच थोडं उरलंय.

पहिल्या ४० व्यावसायिक लढती तो सलग जिंकला. पहिला पराभव ५ फेब्रुवारी १९४३, डेट्रॉइटला, जेक लामोटाकडून. लामोटा त्याच्यापेक्षा सुमारे १६ पौंडांनी जड होता. म्हणजे वजनगट बाजूला ठेवायचा तुमचा प्रश्न त्याने प्रत्यक्ष रिंगमध्येच सोडवायला घेतला होता. बरं, हरून गप्प बसला का? १९ तारखेला जॅकी विल्सनला हरवलं आणि २६ ला त्याच शहरात पुन्हा लामोटासमोर उभा राहून जिंकला. तीन आठवड्यांत तीन लढती! आजचा जगज्जेता वर्षात दोनदा लढला तरी खूप. त्यानंतर थेट जुलै १९५१ च्या टर्पिनपर्यंत तो हरला नाही.

मॅक्सिमचं म्हणाल तर तो लाइट हेवीवेटचा जगज्जेता, रॉबिन्सनपेक्षा पंधराएक पौंडांनी जड. रिंगमध्ये पारा शंभर फॅरनहाइटच्या वर. दहाव्या फेरीनंतर पंचालाच उष्माघात झाला आणि दुसरा पंच आणावा लागला. तेराव्या फेरीपर्यंत तिन्ही गुणपत्रकांवर रॉबिन्सन पुढे होता. याला पराभव म्हणायचं असेल तर म्हणा.

प्रतिसाद २

पॅकियावचा मी चाहता आहे, पण आठाचा आकडा सोलून बघा. २०१० ची ती मार्गारिटोविरुद्धची लढत १५४ च्या किताबासाठी असली तरी वजन १५० वर ठरवून घेतलं होतं, याला कॅचवेट म्हणतात. मात्र हीच गोष्ट उलटीही वाचता येते. हल्ली वजन आदल्या दिवशी होतं, मग रात्रीत माणूस पाणी पिऊन, जेवून फुगतो. पॅकियाव तराजूवर १४५ सुद्धा भरला नव्हता. लढतीच्या रात्री समोरचा त्याच्यापेक्षा सतराएक पौंडांनी जड होता, तरी बाराही फेऱ्या मार खाल्ला तो मार्गारिटोनेच.

माझं मत आर्मस्ट्राँगला. बार्नी रॉसकडून वेल्टरचा किताब घेतला तेव्हा मर्यादा १४७ ची आणि हा १३४ च्या आतबाहेर. १९४० मध्ये मिडलवेटसाठीही लढला, सेफेरिनो गार्सियाशी बरोबरी झाली. ती जिंकला असता तर आठांपैकी चार गट आणि तुमचा धागाच निघाला नसता.

प्रतिसाद ३

चित्रीकरणावर फार विसंबू नका. हॅरी ग्रेबच्या एकाही लढतीची फीत मिळत नाही, पण जीन टनीला व्यावसायिक कारकिर्दीत हरवणारा तो एकटा (१९२२). ग्रेब मूळचा मिडलवेट आणि टनीने पुढे डेम्प्सीला दोनदा हरवून हेवीवेटचं जगज्जेतेपद मिळवलं आणि राखलं. तुमच्या यादीत तो हवाच.

अवांतर: आमच्याकडे जत्रेच्या फडात काटा नसायचा, वस्ताद डोळ्यांनी तोलून जोड लावायचे. तरी हलका पैलवान जडाला चितपट करायचा तेव्हाच फेटे उडायचे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं. किताब मोजण्यापेक्षा समोर कोण होतं आणि किती जड होतं ते मोजा.

धागाकर्ता

सगळ्यांना धन्यवाद! ५०-० चा मुद्दा मागे घेतो. मेवेदर मोठाच, पण तीन आठवड्यांत तीन लढती वाचून १९ या आकड्याचा अर्थच बदलला. माझं मत रॉबिन्सनला, आर्मस्ट्राँग केसभर मागे. मित्राला दोन्ही नावं अमान्य आहेत, तो म्हणतो अलीने लिस्टन, फ्रेझर, फोरमन तिघांना हरवलं, अजून काय हवं. यावर माझ्याकडे खरंच उत्तर नाही. मिसळीचे पैसे अर्धे अर्धे ठरलेत.

एक शेवटचं. रॉबिन्सनचा एकच ठोसा मित्राला दाखवायचा असेल तर कुठला दाखवू?

प्रतिसाद १

१ मे १९५७, शिकागो, जीन फुलमरविरुद्ध पाचवी फेरी. डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा), आणि तोही मागे सरकता सरकता. रॉबिन्सनला तेव्हा ३६ पूर्ण करायला दोनच दिवस होते. मिसळ यायच्या आधी दाखवा.