कोड एडिटरचे शॉर्टकट बदलावेत की आहेत तेच शिकावेत?

अर्धविराम
सरळ मुद्द्यावर येतो. एडिटरचे शॉर्टकट मनासारखे लावत बसणं हे काम टाळायचं सगळ्यात सभ्य निमित्त आहे असं माझं मत झालंय. दोन-चार कळा बदलल्या तर कोण काय म्हणणार, पण लोक अख्खा कीमॅप, म्हणजे कुठल्या कळेला कुठलं काम ती यादी, उलटापालटा करून ठेवतात आणि मग दुसऱ्याच्या मशीनवर बसायची वेळ आली की साधी ओळ कॉमेंट करायलाही माउस शोधतात.

उदाहरण घ्या कंट्रोल+डी चं. इंटेलिजे या एडिटरमध्ये ते ओळीची नक्कल करतं. तिथून व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये आलेला माणूस पहिल्या दिवशी काय करतो, तर तीच सवय इकडे चिकटवतो. पण व्हीएस कोडमध्ये त्या कळेवर काय होतं हे त्याने बघितलेलंच नसतं. कर्सरखालचा शब्द सिलेक्ट होतो, परत दाबलं की तोच शब्द पुढे जिथे असेल तिथे दुसरा कर्सर, मग तिसरा, आणि टाइप केलं की सगळीकडे एकदम बदल. एवढी कामाची गोष्ट गेली आणि गेल्याचं कळलंही नाही. आपण काय फेकतोय ते न बघता फेकायचं, याला कस्टमायझेशन म्हणतात का?

खटखट
पूर्ण असहमत. तुझं उदाहरण तुझ्यावरच उलटतंय बघ. एक्लिप्स या तिसऱ्या एडिटरमध्ये कंट्रोल+डी दाबलं की ओळ उडते. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, रिकाम्या प्रॉम्प्टवर दाबलं तर शेलच बंद. म्हणजे चार ठिकाणी चार अर्थ, मग "आहेत तेच शिका" म्हणजे नक्की कुणाचे शिकायचे?

आता डीबगर घे, म्हणजे प्रोग्राम थांबवून चुका शोधायचं साधन, कारण खरा त्रास तिथे आहे. स्टेप ओव्हर, म्हणजे फंक्शनच्या आत न शिरता एक ओळ पुढे, व्हीएस कोडमध्ये एफ१०, इंटेलिजेमध्ये एफ८, एक्लिप्समध्ये एफ६. बरं, एक्लिप्समध्ये एफ५ म्हणजे फंक्शनच्या आत जा, आणि व्हीएस कोडमध्ये थांबलेल्या प्रोग्रामला तोच एफ५ म्हणजे सुटा पुढच्या ब्रेकपॉइंटपर्यंत, थांबायची खूण केलेल्या ओळीपर्यंत. जो माणूस सकाळी जावा आणि दुपारी टाइपस्क्रिप्ट बघतो त्याने काय करायचं? मोठ्या मुश्किलीने एखादा बग पकडून ब्रेकपॉइंटवर आणून उभा केला, बोटांनी सवयीने एफ५ दाबलं, आणि गेला प्रोग्राम भुर्रकन, परत पहिल्यापासून सगळा डेटा भरा. मी दोन्हीकडे एकच लावून घेतलंय आणि मला त्याची अजिबात लाज नाही.

डीबगरीण
खटखट, डीबगरच्या बाबतीत तुझ्या बाजूने. पण हाताने एकेक कळ बदलण्यापेक्षा तयार कीमॅप एक्स्टेन्शन (एडिटरला जोडायची पुरवणी) टाकलेलं बरं ना, इंटेलिजेचे, एक्लिप्सचे, सब्लाइमचे सगळे मिळतात. निदान दुसऱ्याला एका वाक्यात सांगता येतं की माझ्याकडे अमुकचा कीमॅप आहे.

आणि अर्धविराम, "आहेत तेच" म्हणताना तुम्ही गृहीत धरताय की आहेत ते सगळ्यांकडे चालतात. तसं नाहीये हो. इंटेलिजेचं कोड फॉरमॅट करायचं कंट्रोल+ऑल्ट+एल काही लिनक्स डेस्कटॉपवर दाबलं की स्क्रीन लॉक होते. विंडोज ऑल्टजीआर कळेला कंट्रोल+ऑल्ट समजतं, त्यामुळे पोलिश लेआउटवर तीच जोडी म्हणजे त्यांचं आडवी रेघ मारलेलं एल अक्षर. जर्मन कीबोर्डवर स्लॅश शिफ्ट+७ ने येतो, म्हणजे कॉमेंटसाठी कंट्रोल+स्लॅश असं वाचलं की तिथेच गाडी अडली. मनगट दुखतंय किंवा एकाच हाताने टाइप करतात त्यांचं तर मी बोलतच नाही, त्यांना तुम्ही काय, शिस्तीचे धडे देणार?

अर्धविराम
नाही नाही, दुखणं असेल किंवा कळ चालतच नसेल तर वाद नाही, बदला खुशाल. माझा राग आहे तो सगळं धड चालत असताना निव्वळ हौस म्हणून उलथापालथ करण्यावर. आणि कीमॅप एक्स्टेन्शनचं म्हणाल तर ते मला हाताने बदलण्याहून जास्त खटकतं, एका क्लिकमध्ये ढीगभर कळा बदलतात आणि त्यातल्या कुठल्या ते कोणी वाचत नाही.

पेअर प्रोग्रामिंगचं काय मग? शेजारी बसलेल्याच्या हातात कीबोर्ड दिला की सगळं ठप्प.

खटखट
ठप्प कशाला? व्हीएस कोडमध्ये कंट्रोल+शिफ्ट+पी दाबायचं, कमांड शोधायची पॅलेट उघडते, तिथे कमांडचं नाव टाइप करायचं. शेजारी त्या मशीनवर लागलेला शॉर्टकटही दिसतो, बदललेला असला तरी बदललेलाच दिसतो. एक तास दुसऱ्याच्या मशीनवर बसायचं म्हणून वर्षभर स्वतःच्या मशीनवर अडखळायचं हा कुठला हिशोब?

विमवाला
मी आलो म्हणजे तुम्हाला माहितीच आहे काय होणार, पण थोडक्यात आटपतो.

डीफॉल्ट म्हणजे कुणीतरी खूप विचार करून, लोकांच्या बोटांवर प्रयोग करून ठरवलेलं असतं हा समज आधी काढून टाका. विम या एडिटरचा पूर्वज व्हीआय, त्यात कर्सर एच-जे-के-एल ने का फिरतो? व्हीआय लिहिणारे बिल जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर (स्क्रीन आणि कीबोर्डचं जुनं यंत्र) काम करत होते त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते, बस. त्याच टर्मिनलवर एस्केप, जे व्हीआयमध्ये सतत लागतं, होतं आजच्या टॅबच्या जागी, करंगळीजवळ. आज ते कोपऱ्यात गेलंय आणि आपण प्रत्येक वेळी हात उचलून तिथे जातो, म्हणून तर निम्मे विमवाले कॅप्स लॉकलाच एस्केप करून टाकतात. म्हणजे टर्मिनल गेलं, कळा हलल्या, तरी "डीफॉल्ट आहे" म्हणून कवटाळून बसायचं.

दुसरं, बदल करणं हे एडिटर बनवणाऱ्यांनाच अपेक्षित आहे. विममध्ये लीडर कळ ठेवलीय ती तुमच्या स्वतःच्या कमांडसाठीच, मुळात बॅकस्लॅश, बरेच जण स्पेस करतात. ईमॅक्स या एडिटरचा तर लेखी नियम आहे, कंट्रोल+सी आणि मग एखादं अक्षर ही जागा वापरणाऱ्याची, पॅकेजवाल्यांनी तिथे हात लावायचा नाही.

अर्धविराम
विमवाले, हे मात्र पटलं, आणि गंमत म्हणजे हे माझ्याच बाजूचं आहे. राखीव जागेत नवीन काही लावणं वेगळं आणि आधीच्या कळेवरचं काम काढून तिथे दुसरं बसवणं वेगळं. व्हीएस कोडमध्ये अशी राखून ठेवलेली जागाच नाही, कुठलंही एक्स्टेन्शन कुठलीही कळ मागू शकतं, त्यामुळे तिथे बदलायचं तर जास्तच जपून.

नवशिका
मी नुकतीच सुरुवात केलीय, मग मी काय करू? सध्या कॉपी, पेस्ट आणि सेव्ह एवढंच येतं 😅

कर्सर_काका
बाळा, तू या भांडणात पडू नकोस. आधी व्हीएस कोडमध्ये कंट्रोल+पी ने फाइल उघडणं, एफ१२ ने व्याख्येवर जाणं, एफ२ ने नाव बदलणं एवढं बोटात बसव, मग बघू.

बाकीच्यांसाठी, बदलायचंच असेल तर नीट बदला, कारण निम्म्या तक्रारी अर्धवट बदलातून येतात. कंट्रोल+के, कंट्रोल+एस दाबलं की व्हीएस कोडची यादी उघडते, तिथे कळा रेकॉर्ड करायचं बटण आहे, हवी ती जोडी दाबा आणि आधीपासून कोण कोण तिथे बसलंय ते बघा. आणि शॉर्टकटच्या फाइलमध्ये हाताने लिहीत असाल तर "व्हेन" ची अट, म्हणजे कळ केव्हा लागू व्हायची ते, विसरू नका. एडिटर नियम खालून वर वाचतो, तुमचे नियम सगळ्यात खाली, म्हणून पहिला मान तुमचा. समजा डिलीट कळेला काहीतरी लावलं आणि "फक्त मजकुरात कर्सर असताना" अशी अट घातली नाही, तर डावीकडच्या यादीत फाइल निवडून डिलीट दाबाल तेव्हाही तुमचीच कमांड पुढे येणार, मग म्हणणार एडिटर बिघडला. जुनी कळ नुसती मोकळी करायची तर कमांडच्या नावाआधी वजाचं चिन्ह टाका, काम झालं.

नवशिका
धन्यवाद काका. एफ२ माहीत नव्हतं, मी शोधून-बदलून नावं बदलत होतो.

डीबगरीण
काका, "व्हेन" चं अगदी बरोबर. इंटेलिजेवाल्यांसाठी भर घालते, तिथला मूळ कीमॅप बदलता येत नाही, तुम्ही कळ बदलली की त्याची प्रत तयार होते. म्हणजे अर्धविराम पाहुणे म्हणून आले तर यादीतून मूळ कीमॅप निवडून द्यायचा आणि ते गेले की परत आपला.

अर्धविराम
पाहुणचार आवडला. पण खटखट घरी मॅक आणि ऑफिसात विंडोज वापरतो, त्याला विचारा तिकडे कमांड आणि इकडे कंट्रोल हे कसं निस्तरतो.

खटखट
निस्तरायला काय, व्हीएस कोडचं सेटिंग्ज सिंक चालू आहे, आणि कीबाइंडिंग्ज (कळांचे नियम) प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला वेगळ्या ठेवणं तिथे मुळातच चालू असतं. मॅकची यादी मॅकला, विंडोजची विंडोजला. हो, दोन याद्या ठेवाव्या लागतात. ठेवतो मी. आता त्यावर वेगळा धागा काढू नकोस.