मदत हवी आहे: रेडिएटर तापतात, नळाला मात्र गार पाणी

२४ किलोवॉटचा कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे खोल्यांचे रेडिएटर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा; वेगळी टाकी नाही. खोल्या छान गरम होतात, पण गरम पाण्याचा नळ सोडला की जेमतेम कोमट येतं आणि मग गारच. सगळ्या नळांना तीच तऱ्हा. दाब १.३ बार, एरर कोड नाही. प्लेट हीट एक्स्चेंजर (बॉयलरमधली उष्णता नळाच्या पाण्याला देणारा भाग) बदला असा सल्ला मिळालाय. बदलू का?

प्रतिसाद १

इतक्यात नको. खोल्या तापतात म्हणजे गॅस, बर्नर, पंप धडधाकट आहेत. संशय फक्त नळाच्या वाटेवरच्या भागांवर. आधी हीटिंग बंद करून रेडिएटर पूर्ण गार होऊ द्या. मग एक गरम नळ पूर्ण सोडा आणि दोनच गोष्टी बघा: बर्नर पेटतो का, आणि बॉयलरखालून रेडिएटरकडे जाणारा पाइप दोन-तीन मिनिटांत तापतो का. (हीटिंग चालू ठेवून ही परीक्षा घेतलीत तर काहीच कळणार नाही.)

बर्नर पेटलाच नाही तर नळ सुटल्याचं बॉयलरला कळतच नाहीये. फ्लो सेन्सरचं चक्र कचऱ्याने अडकलेलं असतं, नाहीतर गार पाणी आत येतं तिथली जाळी तुंबलेली. बहुतेक बॉयलरांना मिनिटाला दोन-अडीच लिटर धार लागते. लिटरचं भांडं भरायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागलं तर आधी जाळी धुवा.

पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो आणि पाइप गारच राहतो, तर मात्र एक्स्चेंजरमध्ये क्षार साचलेत. उष्णता नळाच्या पाण्याला पोचत नाही, बॉयलरचं आतलं पाणी भराभर तापतं आणि तो स्वतःला आवरतो.

धागाकर्ता

बर्नर पेटला आणि पेटलेलाच राहिला. दीड मिनिटात रेडिएटरच्या पाइपवर हात ठेववेना. नळ गारच.

प्रतिसाद २

मग डायव्हर्टर व्हॉल्व्हच. नळ सुटला की त्याने गरम पाण्याची वाट रेडिएटरकडून प्लेट एक्स्चेंजरकडे वळवायची असते. तुमचा रेडिएटरच्या बाजूलाच अडकून बसलाय. एक्स्चेंजर बदलून पैसे वाया गेले असते.

आता मोटर बिघडली की व्हॉल्व्ह, हे ठरवा. बहुतेक मॉडेलांत मोटर व्हॉल्व्हवर एका क्लिपने बसवलेली असते, ती काढायला पाणी रिकामं करावं लागत नाही. वीज पूर्ण बंद करा, बॉयलर गार होऊ द्या, मग क्लिप ओढून मोटर सोडवा. खाली बोटाच्या पेरापेक्षा छोटी पिन दिसेल. ती दाबा. आत जाऊन स्प्रिंगने परत आली तर व्हॉल्व्ह ठीक, दोष मोटरचा किंवा तिच्या वायरचा. हलतच नसेल किंवा आत जाऊन तिथेच राहिली तर व्हॉल्व्ह जाम. पिनेभोवती ओल किंवा गंज दिसला तर ओ-रिंगही (गळती अडवणारी रबरी कडी) गेलीय.

बर्नरच्या कक्षाचं सीलबंद झाकण मात्र उघडू नका. ते गॅसचं काम, परवानाधारक माणसाचंच. झाकणाशिवाय व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नसेल तर तिथेच थांबा.

प्रतिसाद ३

जुन्या मॉडेलांत मोटर नसते बरं का. नळाच्या प्रवाहाने रबरी पडदा पिन ढकलतो. तो फाटला तरी लक्षणं हीच, आणि दुरुस्ती फक्त पडद्याची.

धागाकर्ता

मोटर आहे. पिन दगडासारखी घट्ट, काळपट चिखल लागलाय.

प्रतिसाद २

तो चिखल म्हणजे रेडिएटरच्या आतला गंज. नुसता व्हॉल्व्ह बदललात तर नवाही त्याच गाळाने अडकेल. सिस्टिम फ्लश करून (आतून धुवून) घ्या, परतीच्या पाइपवर चुंबकीय फिल्टर बसवा, गंजरोधक द्रव घाला. व्हॉल्व्ह बॉयलरच्या पाटीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक पाहूनच मागवा, एकाच नावाच्या दोन मॉडेलांत तो वेगळा असू शकतो. भरताना गार अवस्थेत दाब १ ते १.५ बार ठेवा आणि रेडिएटरांतली हवा काढा.

काम झाल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्या: नळ सोडल्यावर रेडिएटरचा पाइप गार राहायला हवा. २४ किलोवॉटमध्ये मिनिटाला साधारण १० लिटर पाणी ३५ अंशांनी तापतं. तेवढं होत नसेल तरच एक्स्चेंजरकडे वळा.